परत जायचे, पण नेमके कुठे?

वाचकाचे पत्र:

गेल्या जानेवारीत, वयाच्या ४२व्या वर्षी, मी नवी नोकरी स्वीकारून दूरच्या शहरात आले. पद मोठे आहे आणि काम मनासारखे आहे. मे महिन्यात आई अचानक गेली. मी पोहोचले तेव्हा सारे संपले होते. वडील आधीच गेले असल्यामुळे ऑक्टोबरमध्ये दादाने आणि मी मिळून घर विकले. सही करताना मला काहीच वाटले नाही, आणि त्याचीच आता खंत वाटते. दर वर्षी डिसेंबरच्या अखेरीस मी वहीत सरत्या वर्षाचा आढावा लिहिते. या वेळी लिहिताच येत नाही. वर्ष चांगले गेले म्हणावे तर आईशी प्रतारणा केल्यासारखे होते आणि वाईट गेले म्हणावे तर ते पूर्ण खरे नाही. रोज संध्याकाळी घरी जावेसे वाटते, इतके की राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवला आहे. मी परत जावे का? आणखी एक लहानसा प्रश्न आहे. आईचा मोबाइल नंबर मी अजून चालू ठेवला आहे. दादा म्हणतो, आता तो बंद करू. मला ते जमत नाही. हे वेडेपण आहे का?

— एक वाचक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

राजीनाम्याचा मसुदा आहे तसाच राहू द्या. तो फाडण्याचे कारण नाही आणि इतक्यात पाठवण्याचेही नाही. असे मी का म्हणतो, ते तुमच्याच पत्राच्या आधारे सांगतो. रोज संध्याकाळी घरी जावेसे वाटते असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्याच्या दोन-चार ओळी आधी ते घर विकल्याचेही लिहिले आहे. जुन्या शहरातल्या मैत्रिणी, तिथली आधीची नोकरी, दादाच्या जवळ राहण्याची इच्छा, यांपैकी कशाचाही पत्रात उल्लेख नाही. म्हणजे तुम्हाला जिथे परत जायचे आहे त्या जागी आई आहे, घर आहे आणि ती दोन्ही असतानाच्या तुम्ही आहात. राजीनामा दिल्यावर तुम्ही ज्या शहरात उतराल तिथे यांपैकी काहीच नसेल. हे वाचताना कठोर वाटेल याची मला कल्पना आहे. परंतु तिथे पोहोचून पहिल्याच संध्याकाळी ते कळण्यापेक्षा आज वाचलेले बरे.

घराची ओढ माणसाला खरोखर आजारी पाडते, हे वैद्यकाने फार पूर्वी ओळखले होते. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर या तरुणाने आपल्या वैद्यकीय प्रबंधात या ओढीचे वर्णन एक रोग म्हणून केले. घरापासून दूर राहिलेल्या माणसांना झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, सतत खिन्न असणे ही त्याची लक्षणे सांगितली गेली, आणि पुढे दीर्घकाळ सैन्यातले वैद्य हे निदान गांभीर्याने करत राहिले. त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय एकच मानला जाई, तो म्हणजे रोग्याला घरी परत पाठवणे. त्या उपायाच्या मुळाशी एक गृहीतक होते, की घर जागेवर आहे आणि तिथे कोणीतरी वाट पाहत आहे. तुमच्या बाबतीत हे गृहीतकच उरलेले नाही, म्हणून तो जुना उपायही जसाच्या तसा लागू पडत नाही.

आज या ओढीला कोणी रोग म्हणत नाही, आणि तुम्हीही तिला दुबळेपणा समजू नये. कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस, टिम विल्डशुट या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून गतस्मृतींच्या ओढीवर बरेच संशोधन केले आहे. मन उदास किंवा एकटे असताना ही ओढ अधिक उफाळते, आणि जुन्या आठवणींत थोडा वेळ घालवल्यावर माणसाला आपण कोणाचे तरी आहोत असे पुन्हा जाणवते, असे त्यांना आढळले. कातरवेळी जीव कासावीस होणे आपल्याला नवे नाही. तरीही तुमच्या संध्याकाळीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे, असे मी सुचवेन. दिवसभर कामात मन रमलेले असते. ते काम संपते, हाताला काही उरत नाही, आणि नेमक्या त्या वेळी ओढ लागते. तेव्हा या ओढीतला काही भाग मागे राहिलेल्या घराबद्दलचा नसून आज राहत्या घरात संध्याकाळी जी पोकळी असते तिच्याबद्दलचा असावा. वर्ष होत आले तरी तुमच्या पत्रात नव्या शहरातले एकही माणूस येत नाही. कार्यालयाबाहेर तुम्हाला तिथे नावाने हाक मारणारे कोणी आहे का? नसेल, तर ती उणीव नोकरी सोडून भरून निघणार नाही. तिच्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागतील, आणि ते राजीनाम्याच्या मानाने बरेच स्वस्त आहेत.

आता घराविषयी. आई गेल्यावर माणसे भेटायला आली असतील, फोन आले असतील, कार्यालयाने रजा दिली असेल. घर विकल्यावर यांतले काहीही झाले नसणार. उलट व्यवहार नीट पार पडला म्हणून कोणी अभिनंदनही केले असेल. समाज ज्या दुःखाला दुःख मानत नाही, ज्यासाठी रजा नसते आणि सांत्वनही नसते, अशा दुःखाचा विचार केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली मांडला. घर गेल्याचे दुःख त्यात अगदी चपखल बसते. त्यातून घर स्वतःच्या सहीने गेलेले असेल तर आपल्याला शोक करण्याचा अधिकारच नाही असे वाटू लागते. तो अधिकार तुम्हाला आहे. बॉस्टनमधील वेस्ट एंड ही जुनी वस्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुनर्विकासासाठी पाडली गेली, तेव्हा तिथून उठवलेल्या रहिवाशांशी मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सविस्तर बोलून पाहिले. अनेकांच्या बोलण्यात त्याला जी लक्षणे दिसली ती जिवलग व्यक्ती गमावलेल्यांच्या लक्षणांसारखीच होती, आणि १९६३ साली त्याने ती मृत्युशोकाच्याच भाषेत नोंदवली. त्या माणसांपैकी पुष्कळजणांना दुसरीकडे बरी घरेही मिळाली होती. तरी जिन्याची, ओट्याची, शेजारच्या आवाजांची सवय अंगात भिनलेली असते, आणि आपण कोण आहोत याचा काही भाग त्या सवयींवरच उभा असतो.

सही करताना काही वाटले नाही, यात मला विशेष नवल वाटत नाही. आईला जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते, समोर कागद होते, दादा होता, खरेदीदार होता आणि परतीचे तिकीट ठरलेले होते. मनाने त्या दिवशी कामापुरतेच काम केले. घराचे दुःख तेव्हा आले नाही, ते आता येत आहे, आणि आईच्या दुःखात मिसळून येत असल्यामुळे वेगळे ओळखू येत नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्ही उघडपणे लिहिलेली नाही. जानेवारीत मी आले, मे महिन्यात आई गेली, ऑक्टोबरमध्ये घर गेले, या क्रमाने लिहिले की वाचणाऱ्याला, आणि बहुधा लिहिणारीलाही, पहिल्या घटनेमुळे पुढच्या दोन घडल्या असे वाटू लागते. मी आले नसते तर आई राहिली असती, किंवा निदान मी तिच्याजवळ असते, असा एक हिशेब तुमच्या मनात चालू असावा. बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रयोगांतून दाखवून दिले, की एकदा निकाल कळला की तो आधीच दिसायला हवा होता असे माणसाला वाटू लागते, आणि निकाल माहीत नसताना आपण नेमका काय विचार केला होता हे त्याला आठवेनासे होते. जानेवारीत तुमच्यासमोर प्रकृती ठीक असलेली आई होती आणि चांगल्या नोकरीचे पत्र होते. तुम्ही निर्णय घेतला तो त्या दोन गोष्टी पाहून. मे महिन्यातली तारीख तुमच्यापासून लपवलेली नव्हती. ती कोणालाच माहीत नव्हती. तुम्ही जुन्याच शहरात असता तर त्या क्षणी तिच्या खोलीत असता की कार्यालयात, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि ज्याचे उत्तर मिळणे शक्य नाही अशा प्रश्नासाठी तुम्ही स्वतःला रोज साक्षीला उभे करत आहात. शेवटच्या क्षणी जवळ नसण्याचे दुःख खरे आहे. ते दुःख म्हणूनच असू द्या, त्याचा आरोप करू नका.

वहीचा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत सोपा वाटतो, कारण इथे अडचण तुमच्यात नसून आढाव्याच्या पद्धतीत आहे. वर्षाचा आढावा म्हणजे शेवटी एक शेरा, चांगले किंवा वाईट. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघा मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची यादी करून, जुळवून घेण्याचा भार किती यानुसार, प्रत्येकीला गुण दिले होते: जोडीदाराचा मृत्यू १००, जवळच्या कुटुंबीयाचा मृत्यू ६३, राहते घर बदलणे २०. मला त्या यादीतली लक्षणीय गोष्ट ही वाटते, की तिच्यात विवाह आहे, सुट्टीवर जाणे आहे आणि उल्लेखनीय वैयक्तिक यशही २८ गुणांनिशी आहे. बदल सुखाचा असला तरी त्याच्याशी जुळवून घेताना शरीर-मनाला खर्च येतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते तुमच्या मोठ्या पदालाही लागू आहे. तुम्ही थकला आहात त्यात त्याचाही वाटा आहे. मात्र या गुणांची बेरीज करून माणसाविषयी काही ठरवण्याची जी पद्धत पुढे लोकप्रिय झाली ती मला पटत नाही. एकाच घटनेचा भार दोन माणसांवर सारखा पडत नाही, आणि ६३ मधून २८ वजा करून आई गेल्याचे दुःख कमी होत नाही. तुम्ही वहीत नेमकी हीच वजाबाकी करायला बसला आहात, म्हणून ओळ पुढे सरकत नाही.

त्यातून वेळही अवघड निवडली आहे. मन खिन्न असताना खिन्न आठवणीच सहज हाती लागतात, हे गॉर्डन बोवर या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये मांडले होते. डिसेंबरच्या अखेरच्या रात्री, एकटीने, नुकतेच घर विकून झालेले असताना काढलेला आढावा तुमच्या वर्षाचा न होता त्या रात्रीचा होईल. डिसेंबर हा दिनदर्शिकेचा शेवट आहे. तुमचे हे वर्ष मे महिन्यात, आईला वर्ष होईल तेव्हा पुरे होणार आहे. तोवर ते पान कोरे ठेवावे. मध्यंतरी लिहावेसे वाटले तर निकाल न देता फक्त घडले ते लिहा, महिन्यामहिन्याने, एका पानावर नव्या नोकरीची बातमी आईला सांगितली तेव्हा ती काय म्हणाली ते आणि त्याच पानावर मे महिन्यातला तो प्रवास. मन मोकळे करून लिहिण्याचा फायदा होतो असे मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांचे १९८० च्या दशकातले प्रयोग सांगतात. नंतरच्या अभ्यासांत मात्र तो फायदा सरासरीने लहान आणि माणसागणिक वेगळा दिसला. तेव्हा लिहिणे हे औषध समजून स्वतःवर लादू नका. नाही लिहिले तरी काही बिघडत नाही.

प्रतारणेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातली ती ओळ मला सर्वांत बोचली. शोकाच्या ठरावीक पायऱ्या असतात आणि त्या एकेक करून चढायच्या असतात, असे तुम्हाला कोणीतरी सांगितले असेल किंवा लवकरच सांगेल. त्या पायऱ्या मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, आणि त्या मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून आल्या होत्या. मागे राहिलेल्यांनी पाळायचे वेळापत्रक म्हणून नव्हे. त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये केलेले वर्णन मला प्रत्यक्षाच्या अधिक जवळचे वाटते. त्यांच्या मते शोक करणारे माणूस दोन बाजूंमध्ये सतत ये-जा करत असते: कधी गेलेल्या व्यक्तीकडे वळून रडते, तर कधी नव्या जबाबदाऱ्या, नवे काम, नवी ओळख यांच्यात गुंतते. एकाच दिवसात दोन्ही होऊ शकते, आणि ही ये-जा हेच शोक नीट चालल्याचे चिन्ह आहे. कामात मन लागले त्या दिवशी तुम्ही आईला विसरला नव्हता. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या बाजूला होता, आणि संध्याकाळी परत आलात.

आणि शोक कधीतरी पूर्ण संपलाच पाहिजे असेही नाही. सिग्मंड फ्रॉइड याने १९१७ साली लिहिले होते, की शोकाचे काम म्हणजे गेलेल्या व्यक्तीपासून मन हळूहळू सोडवून घेणे. पुढे १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी साथीच्या तापात गेली. ती असती तर ज्या दिवशी ३६ वर्षांची झाली असती, त्या दिवशी, १९२९ साली, त्याने मुलगा गमावलेल्या लुडविग बिन्सवांगर या मित्राला पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो, की दुःखाची तीव्रता ओसरेल, पण ती जागा भरून निघणार नाही, आणि तसेच असायला हवे, कारण ते प्रेम जपण्याचा तोच एक मार्ग आहे. ज्याने मन सोडवून घेण्याचा सिद्धान्त मांडला त्यानेच मुलगी गेल्यावर नऊ वर्षांनी तिच्या वाढदिवशी हे लिहावे, याचे मोल मला त्याच्या सिद्धान्तापेक्षा अधिक वाटते.

आता परत जाण्याविषयी. नोकरी सोडण्याऐवजी रजा मागा. मे महिन्याच्या सुमारास दोनेक आठवडे जुन्या शहरात जाऊन राहा, दादाकडे किंवा जवळपास. जुन्या घरावरून जावेसे वाटले तर जा, पण तेवढ्यासाठीच जाऊ नका. कामाच्या दिवसांतली साधी संध्याकाळ तिथे कशी जाते, कोण भेटते, कोणाला तुम्ही हव्या आहात, तुमच्या क्षेत्रातले काम तिथे मिळेल का, हे पाहा. परत आल्यावर मसुदा पुन्हा वाचा. तेव्हाही तो पाठवावासा वाटला आणि त्यामागची कारणे आज जिवंत असलेल्या माणसांची व कामांची असली, दादाजवळ राहायचे आहे, जुन्या मैत्रिणींत राहायचे आहे, तर खुशाल पाठवा. त्याला माघार म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पण संध्याकाळ तिथेही तशीच गेली, तर ओढीची दिशा तुम्हाला कळलेली असेल आणि नोकरीही हातात असेल.

एक सूचना मात्र मे महिन्यापर्यंत लांबवू नये अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या रोग-वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाचा स्वतंत्र विचार केला आहे, आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या नियमावलीत प्रौढांसाठी ती बारा महिने आहे. तुमचे सात महिने झाले म्हणून तुम्ही आजारी ठरत नाही. पाहायचे ते हे, की ओढ जवळजवळ रोज आणि दिवसभर टिकते का, काम व झोप कोलमडली आहे का, आयुष्य निरर्थक वाटते का. पत्रावरून तसे दिसत नाही. पण पत्रात सगळे येतेच असे नाही. तसे असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि जगूच नये असा विचार मनात आला तर मुदतींचा विचार न करता त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

राहिला आईचा नंबर. तो चालू ठेवणे हे वेडेपण नाही. गेलेल्या व्यक्तीशी नाते वेगळ्या रूपात चालू राहते, हे शोकाच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकापासून मोकळेपणाने मान्य केले आहे. दादाचे म्हणणेही व्यवहाराला धरून आहे, म्हणून घाई न करता पुढील कामे क्रमाने करा. आईच्या फोनमधले संदेश, ध्वनिसंदेश आणि छायाचित्रे आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवा, कारण फार दिवस वापर झाला नाही तर व्हॉट्सअ‍ॅपसारखी खाती आपोआप पुसली जातात. बँक, विमा किंवा अन्य कोणत्या खात्याला तो नंबर जोडलेला आहे का, हे दादाला तपासायला सांगा, आणि ती कामे पूर्ण होईपर्यंत नंबर बंद होऊ देऊ नका. बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्यानंतर तुमच्या फोनमध्ये आईच्या नावापुढे एखाद्या अनोळखी माणसाचे छायाचित्र दिसू शकते. तुम्ही सावध नसताना असे होऊ नये, म्हणून नंबर सोडण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या आणि दादाच्या फोनमधील त्या नोंदीतला नंबर काढा आणि नाव तेवढे ठेवा. तोपर्यंतचा महिन्याचा खर्च दोघांनी वाटून घ्यावा, असे दादाला आजच कळवा. कधी बंद करायचा ते मे महिन्यात भेटल्यावर समोरासमोर ठरवता येईल.